डिझेलचा काटा आणि खंडोबाचा भंडारा

देवाला मी आजवर पुष्कळ नवस बोलले, पण त्या रविवारी देवळात गेले ती माणसाला खोटं पाडायला. हे लिहितानाही मान खाली जाते. आमचं डाळिंब सांगोल्याकडच्या माळावर. मालक सोलापुरात नोकरीला, त्यामुळे शेताचं मी बघते आणि ट्रॅक्टर धाकटे दीर चालवतात. मी लग्न होऊन आले तेव्हा ते शाळेत जात होते. माझ्या हातची भाकरी खाऊन मोठे झाले. त्या माणसावर मी डिझेल विकल्याचा संशय घेतला.

निमित्त ट्रॅक्टरच्या डिझेलच्या काट्याचं. सकाळी तो टाकी भरलेली दाखवायचा आणि भावजी फवारणी करून परतले की पार तळाला टेकलेला असायचा. विचारलं तर म्हणायचे, "वयनी, काटा खोटं दावतुया. टाकीत लई हाय की अजून." मला ती सारवासारव वाटायची. टाकीचं झाकण उघडून एकदा आत बघावं, एवढी साधी अक्कल मला सुचली नाही. सुचला तो देव. रागाच्या भरात मी बोलून गेले, "मग खंडोबापुढं भंडारा उचला." आमच्याकडे भंडारा उचलून घेतलेली शपथ म्हणजे शेवटचा शब्द; घरच्या माणसाला कुणी तो उचलायला लावत नाही. भावजींचा चेहरा उतरला. "उचलतो," ते म्हणाले, "पण हितनं पुढं तुमच्या चुलीवरचं जेवणार न्हाय." त्या दिवसापासून ते चुलत्यांकडे जेवू लागले. तरी माझा ताठा गेला नाही.

रविवारी ट्रॅक्टरवरूनच देवळात गेलो. भावजींनी मूठभर भंडारा उचलला, शपथ घेतली आणि बाजूला झाले. मी डोळे मिटून देवाला म्हटलं, खरं काय ते दाखव. मनात मात्र होतं, यांची चोरी दाखव. रविवारचे एवढे उपास करून मी हे मागितलं!

परत निघालो तर काटा पुन्हा तळाला. वाटेत एक धनगरीण उभी होती, कडेवर नुकतं जन्मलेलं कोकरू. "लेकरा, मेंढरापतूर सोडतूस का?" तिने विचारलं. डिझेल कुठाय, म्हणून मी पुटपुटले. मी एका मडगार्डवर होते; भावजींनी तिला दुसऱ्यावर बसवलं आणि ट्रॅक्टर खडकाळ वाटेला घातला. एका दगडावरून चाक आपटलं आणि काटा टुणकन वर, भरलेल्या खुणेपर्यंत गेला. पुढच्या धक्क्याला खाली. मग पुन्हा वर. बाई खळखळून हसली, "ह्यो तर माज्या कोकरावानी उड्या मारतुया!" माझी नजर मात्र त्या काट्यावरून हलेना. मेंढरांजवळ ती उतरली, भावजींच्या डोक्यावरून हात फिरवला आणि माझ्याकडे न बघता निघून गेली.

मी खाली उतरून टाकीचं झाकण उघडलं आणि एक वाळकी काडी आत घातली. काडी जवळजवळ टोकापर्यंत ओली निघाली. भावजींनी टाकीवरची वायर हलवून बघितली, ती सैल होती. त्यांनी ती आवळली आणि काटा वर जाऊन थांबला. त्यांचे हात, स्टिअरिंग, सगळं भंडाऱ्याने पिवळं झालेलं. मला रडू आवरेना. "भावजी, चुकले मी," एवढंच म्हणता आलं. त्यांनी टाकीचं झाकण लावलं. मग म्हणाले, "वयनी, भूक लागलीया. भाकरी हाय का घरात?"

घरात चूल पेटलेली नव्हती. माझा उपास, आणि जेवणारं दुसरं होतंच कोण? जाऊन आधी चूल पेटवली. ती धनगरीण कोण होती, हे मी त्या मुलखात कुणाला विचारलं नाही, विचारणारही नाही. एवढं कळलं की मी देवाला माझ्या संशयाचा साक्षीदार करायला गेले होते आणि त्याने मलाच समोर उभं केलं. त्याच्यावर सोपवायचं, तर निकालही आधी ठरवून जाता येत नाही. भावजींनी हात धुतले तरी बोटं पिवळीच होती. त्यांनी भाकरी मोडली आणि अर्धी माझ्यापुढे सरकवली. त्या रविवारी मी उपास मोडला.