नागोबाचा तांब्या

"अंबिकाबेन, तारी घंटी तो करंट मारे छे!" हंसाबेन एवढ्या मोठ्याने ओरडल्या की बाजरीचं पीठ आधी सांडलं की त्या आधी ओरडल्या, हे अंबिकाला पुढे कधी सांगता आलं नाही. "मी काय मरायला आली इकडे?"

ओट्याशेजारची ती घरघंटी अंबिकाने माहेरच्या पाटल्या मोडून घेतली होती. गिरगावातलं बिऱ्हाड हलवून भाईंदरकडच्या पूनम सागरला आल्यावर नवऱ्याचा, सुभाषचा, पगार होता तेवढाच राहिला आणि खर्चाला मात्र पाय फुटले. घर सावरलं ते घंटीने. बिल्डिंगमधल्या निम्म्या घरांच्या पोळ्या अंबिकाच्या पिठाच्या असत. त्या दिवशी तिने पीठ गोळा केलं, घंटीवर जुनी चादर टाकली आणि दाराबाहेर खडूने लिहिलं, 'दळण बंद'.

"अगं, चप्पल घालून दळ ना," सुभाष म्हणाला. "सगळे तेच करतात."

ते खरंच होतं. वर्षभर मशीनला हात लागला की मुंग्या यायच्या, म्हणून प्रत्येक घरात वॉशिंग मशीनपाशी रबरी चपलांचा एक जोड ठेवलेला असायचा. त्याची सवय झाली होती.

"मी घालीन चप्पल," अंबिका म्हणाली. "गिऱ्हाइकांना काय सांगू? दळणाबरोबर चपलाही आणा?"

काशीगावचे धर्माजी वायरमन आले. बिल्डिंग ऐंशी सालानंतरची, घरातली अॅल्युमिनियमची वायर बोट लावलं की तुटत होती. अंबिकाने सगळं घर नव्याने करून घेतलं: तांब्याची वायर, तिसरी हिरवी वायर अर्थिंगची, फ्यूजच्या जागी आपोआप पडणाऱ्या बटणांचा डबा. दिवाळीचा फराळ त्या वर्षी चिवड्यावरच आटोपला. घंटी सुरू केली, हाताची मागची बाजू हळूच टेकवली, आणि पुन्हा मुंग्या.

जिन्यात कुणीतरी ऐकवलंच, "नवी वायर, जुनाच शॉक!"

अंबिका धर्माजींना घेऊन जिन्याखालच्या मीटरबोर्डाशी गेली. लाकडी फळी जागोजागी काळी पडली होती. फ्यूज सारखा उडतो म्हणून ज्याने त्याने त्यात बोटभर जाडीची तार गुंडाळून ठेवली होती.

"ताई, हे बोर्ड न्हाय, चूल हाय," धर्माजी म्हणाले. त्यांनी पिशवीतून होल्डरला लावलेला एक बल्ब काढला, त्याची एक वायर चालू लाइनला लावली, दुसरी अर्थिंगच्या पट्टीला. बल्ब लागला नाही.

"म्हणजे?" अंबिकाने विचारलं.

"म्हंजे तुमची हिरवी वायर इथवर येते नि मरते. घरातली मोरी तुम्ही नवी केली, पर गटारच बुजलंय. पानी जानार कुठं? जमिनीत अर्थिंगचा खड्डा असतो, तो शोधाया पायजे."

"ओळखायचा कसा?"

"तोंडाशी पाइप असतो, जाळीचा. त्यात पानी घालायचं, खड्डा ओला ऱ्हावा म्हनून."

पाणी घालायचं. अंबिका जिन्याच्या पायरीवर बसली. तिने त्या खड्ड्यात कितीदा पाणी घातलं होतं!

रविवारी सोसायटीची मीटिंग गच्चीवर भरली. चेअरमन पंढरीनाथकाका माणूस सज्जन, पण कोब्याचं नाव काढलं की हट्टाला पेटायचे. आधी पावसाळ्यात अंगणात पोटरीभर चिखल व्हायचा. गेल्या वर्षी काकांनी मागे लागून सगळ्या अंगणाला सिमेंटचा कोबा करून घेतला होता.

"बोर्ड बदला, वायरी बदला, मी आधी सही करतो," काका म्हणाले. "पण कोब्याला पहार लागणार नाही. बिल्डर गायब, नकाशा नाही. अंदाजाने अख्खं अंगण उकरणार?"

"ताई, घंटी तुमची नि खड्डा आमचा का?" मागून कुणीतरी म्हणालं. सगळे हसले.

"घंटी बंद आहे," अंबिका उभी राहिली. "सगळ्यांची अर्थिंग एकाच पट्टीला आहे; आता जो शॉक बसतो, तो तुमच्या फ्रिजचा बसतो. आणि अर्थिंग नसेल तर नुसता नवा बोर्ड लावून मिरवण्यात अर्थ नाही, मी केलंय ते घरात." मग ती बायकांच्या रांगेकडे वळली. "प्रभावतीकाकू, आपण दुसरा तांब्या कुठे घालायचो?"

प्रभावतीकाकू म्हणजे चेअरमनांच्या पत्नी, बिल्डिंगमधल्या पहिल्या गृहिणी. "नागोबाला," त्या लगेच म्हणाल्या. "तुळशीच्या उजव्या अंगाला, बिळात."

काकू राहायला आल्या तेव्हा भोवताली सगळी खाजणाची दलदल, संध्याकाळी दाराशी साप. बिल्डरच्या वॉचमनने तुळशीपाशी एक भोक दाखवून सांगितलं होतं, "माताजी, इधर पानी डालते रहना." का, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. बायकांनी ठरवलं, नागोबाचं बीळ असणार. तेव्हापासून बिल्डिंगमध्ये येणाऱ्या प्रत्येक सुनेला शिकवलं जाई: पहिला तांब्या तुळशीला, दुसरा नागोबाला. कोबा झाला, तुळस गेटपाशी गेली, दुसरा तांब्या थांबला.

"आणि मुंग्या कधीपासून यायला लागल्या, काकू?"

काकूंनी बोटांवर महिने मोजले. "कोबा झाल्यापासून."

"म्हणजे नागोबा कोपला म्हणता?" काका उखडले.

"नागोबा नव्हताच काका, पाइप होता. तो आपण बुजवला. एवढासा चौकोन फोडू द्या. खाली काही निघालं नाही, तर कोबा मी स्वतः थापी घेऊन भरून देईन."

"तिथे माझी गाडी असते."

"अहो, मग काढा ना गाडी!" काकूच कडाडल्या. "मी लाटण्याने मशीनचं बटण दाबते रोज, ते नाही दिसत तुम्हाला?"

गच्चीवर हशा पिकला. काका गाडीची किल्ली घेऊन खाली उतरले.

धर्माजींनी फोडलेल्या चौकोनात गंजका पाइप निघाला, तोंडात सिमेंट. शेजारी जमिनीतली पट्टी कोब्याच्या खोदकामात तुटून पडलेली. खड्डा खोल करून नवा पाइप, नवी पट्टी घातली. पाइपभोवती ओल धरायला कोळसा नि मीठ भरायचं होतं; कोळसा कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडून आला. मीठ कोण आणणार, असं कुणी विचारलं तेव्हा धर्माजी हसले, "भाईंदरच्या मिठागरांत मिठाला तोटा हाय का?" पाइपचं तोंड मात्र या वेळी उघडं ठेवलं, वर झाकण. लाकडी फळी निघाली, लोखंडी पॅनेल बसलं. जाड तारांचं भेंडोळं काकांनी स्वतः भंगारात टाकलं. मग सगळ्यांसमोर धर्माजींनी तोच बल्ब लाइनला आणि नव्या पट्टीला लावला.

तो लख्ख लागला.

अंबिकाने दारावरची खडूची अक्षरं ओल्या फडक्याने पुसली. हंसाबेन बाजरीचा डबा घेऊन आल्या, पण उंबऱ्याबाहेरच थांबल्या. पायात रबरी चपला.

"पहिले तू हाथ लगाव."

अंबिकाने घंटी सुरू केली आणि अनवाणी उभी राहून पत्र्यावर हात ठेवला. ठेवूनच राहिली. "या आता."

हंसाबेननी दोन बोटं टेकवली, काढली, मग अख्खा पंजा ठेवला.

"अरे, हे तर थंडंगार!" असं म्हणत त्या परत दारापर्यंत गेल्या, चपला बाहेर काढल्या आणि डबा अंबिकाच्या हातात दिला. "बारीक दळजे हं. मागचं सांडलं, त्याचं पण पीठ ह्यातूनच निघायला पाहिजे."