बाजारात उरलेला होकार

भर दुपारी आमचा बाजार रिकामा असतो, आणि त्या रिकामेपणात मला माणसं ऐकू येतात. वाण्याच्या दुकानात तराजूचं पारडं टेकतं. शिंप्याच्या मशिनीचा पाय चालतो. दोन्ही दुकानं कधीची बंद आहेत. एकाच्या फळ्यांना वाळवी लागली आहे, दुसऱ्याच्या ओट्यावर कुत्री वितात. तरी मी मान वर करून बघतो. सगळ्यात जास्त आवाज येतो तो माझ्या उजव्या हाताच्या भिंतीतून. पलीकडे वह्यापुस्तकांचं दुकान होतं. त्याच्या मालकाला चहाची तलफ आली की तो बोटांच्या पेरांनी भिंत ठोकायचा. तो गेला, दुकानाला कुलूप लागलं, आणि ठोकणं राहिलं. उंदीर असतील. मी स्वतःला तेच सांगतो.

माझं दुकान बादल्या, मग, चटया, दोऱ्या, कुलपं, स्टोव्ह यांचं. बाजार जिथे संपतो तिथे कॉलेज होतं. देवगडापासून सावंतवाडीपर्यंतची पोरं इथे खोल्या घेऊन राहायची, आणि राहायला आलेल्या पोराला पहिल्या दिवशी लागतं ते सगळं माझ्याकडे होतं. मी स्वतः देवगडला आंब्याच्या पेट्या डोक्यावरून वाहून सुरुवात केली. मग याच बाजारात जमिनीवर गोणपाट टाकून बसलो. मग दुकान घेतलं. मला कुणी काही दिलेलं नाही, त्यामुळे कुणाला काही सोडण्याची मला सवय नाही. पोरांचे आईबाप घासाघीस करायचे, मी बादली त्यांच्या हातातून काढून परत ढिगावर आदळायचो. ते निघायचे, मी बोलवायचो, मी वळायचो, ते थांबायचे. गिऱ्हाइकांना वाटे हे नाटक आहे. माझा राग खरा असायचा. भावही खरा असायचा.

कॉलेज वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, हायवेला लागून जाणार हे कळलं तेव्हा आम्ही सगळे दुकानदार बाजाराच्या तोंडाशी असलेल्या देवळात जमलो. गाऱ्हाणं घालायचं ठरलं. मानकरी, म्हणजे ज्याच्या घराण्याकडे गाऱ्हाणं घालण्याचा मान आहे तो, देवाला मोठ्याने सांगतो आणि जमलेले लोक होकार देतात. होकार दिला की ते आपलं झालं. कल्पना माझ्या शेजाऱ्याची, त्या वह्यावाल्याची. मी म्हटलं होतं की देवाला मध्ये घालू नका, कागद करा.

"कागद फाडूक येता," तो म्हणाला. "ह्यां फाडूक येवचा नाय."

मानकऱ्याने हात जोडले. "बा देवा म्हाराजा, कॉलेज गेला तरी बाजार सोडूचो नाय, असा तुझ्या लेकरांनी ठरवल्यानी आसा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

"जो कोण आपला दुकान उचलून हायवेर न्हेतलो, तेका थयसर बरकत गावाची नाय."

"व्हय म्हाराजा."

सगळ्यात मोठा आवाज शेजाऱ्याचा होता. मी त्याच्या शेजारी उभा होतो, माझ्या कानात दडा बसल्यासारखं झालं.

कॉलेज वर गेलं. एक पावसाळा गेला. दिवाळीनंतर एका सकाळी मी फळ्या काढत होतो तर त्याच्या दारात टेंपो. वह्यांचे गठ्ठे चढत होते.

"खंय चललास?"

"पोटाक काय घालू, दगड?"

"मगे म्हाराजाक काय सांगतलस?"

त्याने गठ्ठा उचलला. मी ओरडलो. सगळा बाजार बाहेर आला एवढ्याने ओरडलो. तो टेंपोच्या आणि दाराच्या मध्ये येरझारा घालत राहिला, मी जसा काही तिथे नव्हतोच. शेवटी कुलूप लावताना मी म्हटलं, "जातस तर जा. दुकान माका दी. भाव बोल." ते दुकान मिळालं असतं तर मधली भिंत पाडून मला गाद्या आणि ट्रंका ठेवता आल्या असत्या. हे त्याला ठाऊक होतं.

त्याने किल्ली खिशात टाकली. "तुका सोडून कोणाकय देयन," तो म्हणाला आणि ड्रायव्हरच्या शेजारी जाऊन बसला.

माझं आणि त्याचं शेवटचं बोलणं ते. शब्द मोडला त्याने, आणि पाप्यासारखं वागवलं मला. हे मी तेव्हा विसरलो नाही, आताही विसरलेलो नाही.

तो गेल्यावर बांध फुटला. वाणी गेला, शिंपी गेला, चपलांवाला गेला. मी राहिलो. पुढच्या दोन-तीन वर्षांत शेजारी हायवेवरच्या दुकानात गल्ल्यावर बसल्या बसल्या गेला. वाण्याचं नवं दुकान वायर पेटून जळलं. लोकांनी एकाला एक जोडलं. गाऱ्हाणं लागलं, असं सगळे म्हणू लागले. मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. माल विकताना गिऱ्हाइकाला जे वाटत असतं ते वाटू द्यावं, मध्ये बोलू नये.

मग अलीकडे नगरपंचायतीला बाजार सुधारायचा निधी आला. जांभ्याची फरसबंदी झाली, जुन्या घाटाचे दिवे लागले, बसायला बाकं आली. कॉलेजातल्या एक प्राध्यापकबाई मुलांना घेऊन उतरल्या. त्यांनी पिंगुळीहून चित्रकथी काढणारे आणले आणि बंद दुकानांच्या फळ्यांवर चित्रं काढून घेतली. राजे, राक्षस, हरणं, बायका. त्या चित्रांतली माणसं बाजूने काढलेली असतात आणि डोळे मात्र मोठे, पुरते उघडे. दिवसा छान दिसतात. फोटो काढायला माणसं येतात. तिन्हीसांजेला दिवे लागतात तेव्हा दोन्ही बाजूंची बंद दारं माझ्याकडे बघत असतात, आणि मी बादल्या आत घेताना त्यांच्याकडे पाठ करत नाही.

इतकं होऊनही दुकान कुणी उघडेना. शेजारच्या गावातल्या एका पोराने बाकांपाशी चहाची टपरी टाकली आणि थोड्या आठवड्यांत गुंडाळली. जाताना किटली माझ्याकडे विकायला आला. मी विचारलं, चालत नव्हतं?

"चलता हो काका. गिऱ्हाईक येता, बसता, आणि परत येयत नाय. कोणतरी आधीच बसलेला आसा, असा वाटता थयसर."

मी किटली घेतली. भाव पाडून घेतली.

जुने मालक तर कुलपाला हात लावायला तयार नव्हते. गाऱ्हाणं सुटल्याशिवाय नाही, म्हणाले. मानकऱ्याच्या मुलाने, आता मान त्याच्याकडे आहे, देवाला कौल लावला आणि सांगितलं, सोडवता येईल. पण ज्याने शब्द पाळला त्यानेच होकार द्यायला हवा. मोडणाऱ्यांच्या होकाराला किंमत नाही.

म्हणजे मी.

प्राध्यापकबाई आणि वाणी एकत्र आले. जळलेलं दुकान पुन्हा उभं करून वाणी आता गाडीतून येतो. बाई आधी बोलल्या. "काका, याला शास्त्राचा आधार नाही, हे मला कळतं. पण लोक कुलूप उघडत नाहीत, हे खरं आहे ना? तुम्ही एकदा देवळात उभे राहिलात तर पुढच्या वर्षी इथे पोरांची गर्दी असेल. तुमच्याच बादल्या खपतील."

"शेट, दोन शब्द तर म्हणाचे आसत," वाणी म्हणाला.

"दोनच शब्द तुमीय म्हटल्यात. सांभाळूक जमले नाय."

मी विचार करून सांगतो म्हटलं. मला विचार करायचा नव्हता, मला वेळ काढायचा होता. शेजाऱ्याची बायको ते बंद दुकान विकायला निघाल्याचं दलालाने मला सांगितलं होतं. असलं दुकान घेणार कोण? दर खेपेला मी दलालाकरवी खालचा भाव सांगत होतो आणि दर खेपेला ती बाई उतरत होती. गाऱ्हाणं सुटलं की भाव चढणार. मी नुसता गप्प बसलो असतो तर ते दुकान आपणहून माझ्या मांडीवर येऊन पडलं असतं.

त्याच आठवड्यात ती कुडाळहून आली. बरोबर मुलगी होती. हायवेवरचं वह्यांचं दुकान आता मुलगी चालवते. बाई माझ्या ओट्यावर बसली, पाणी प्यायली, भांडं खाली ठेवलं.

"भावजी, दलालाच्या पाठी रवान भाव पाडणारे ते तुमीच मां?"

"व्हय."

"माका ठावक होता. हे सांगीत, तो ओरडाक लागलो तर भियाचा नाय. गप रवलो की समजाचा, काय तरी घेवचा आसा."

मुलगी हसली. मला राग आला आणि तो दाखवायला जागा सापडेना.

"दुकान तुमका देतंय," बाई म्हणाली. "तुमी म्हणशात त्या भावात. पण आधी देवळात जावन आमच्या माणसाक मोकळो करा. ह्या चेडवाक बाजारात दुकान घालूचा आसा. सांगान आयकत नाय. खंयव घालूंदे, पण बापाशीचा ह्यां तेच्या पाठसून येव नये. माका रात्री झोप नाय."

"आई, मी विकूचंय नाय म्हणान सांगलंय तुका," मुलगी म्हणाली. "दुसऱ्या खंयच्या नाय, ह्याच दुकानात बसतलंय."

"तू गप रव."

मी दोघींकडे बघत होतो. आयुष्यभर घासाघीस केली, पण एवढा सरळ सौदा कधी समोर आला नव्हता. दोन शब्द द्यायचे, दुकान घ्यायचं. हात पुढे करायचा तेवढा बाकी होता. आणि मला भिंतीपलीकडून तो ऐकू आला. ठोकणं नव्हे. टेंपोत चढताना बोलला होता ते, त्याच आवाजात, शब्द न् शब्द. तो मला नाही म्हणून गेला होता. त्याच्याकडून हो मिळवण्यासाठी मी इतकी वर्षं त्या कुलपाशेजारी बसलो होतो, आणि आता हो म्हणत होती ती घाबरलेली बाई. हा त्याचा हो नव्हता. तसल्या होकारावर दुकान घेतलं असतं तर भिंत पाडल्यावरही तो नाहीच म्हणत राहिला असता, आणि मधे भिंतही उरली नसती.

"माका तुमचा दुकान नको, वयनी," मी म्हटलं.

"भाव अजून पाडतास?"

"नको म्हणजे नको. तेनी माका देवचंय नाय म्हणान सांगल्यान. मगे तुमी कित्याक देतास?" माझा आवाज चढला होता. "देवळात येतंय. चेडवाक घालूंदे दुकान."

बाई माझ्याकडे बघत राहिली. तिला यात काहीतरी डाव दिसत असावा. मी तिच्या जागी असतो तर मलाही दिसला असता.

ठरलेल्या सकाळी सगळे देवळात आले. वाणी, शिंप्याचा मुलगा, चपलांवाला, ती बाई आणि मुलगी, मागे प्राध्यापकबाई. बाहेर चपला मोजक्याच होत्या. आत मात्र माझ्या पाठीमागे उभ्या असलेल्यांची दाटी जास्त वाटत होती. आधीच्या गाऱ्हाण्याला उभे असलेले कितीतरी आता जिवंत नाहीत. मी मागे वळून बघितलं नाही.

मानकऱ्याच्या मुलाने हात जोडले. "बा देवा म्हाराजा, ह्या बाजारातल्या तुझ्या लेकरांनी तुका दिलेलो शब्द मोडल्यानी. पोटासाठी मोडल्यानी. जे आज हय आसत आणि जे नाय आसत, तेंका सगळ्यांका पदरात घेवन मोकळे कर."

बाकीच्यांनी बोलायचं नव्हतं. माझ्याकडे बघून तो थांबला. घंटेला कुणाचा तरी खांदा लागला आणि ती वाजता वाजता राहिली.

"थांब," मी म्हटलं. "एक घाल तेच्यात."

"काय?"

"हे गेले आणि मी रवलंय. ह्यां पुसून टाकू नको, असा देवाक सांग."

"असा गाऱ्हाण्यात घालूची रीत नाय ओ."

"मगे मी म्हणूचंय नाय."

"ओ शेट, देवळात तरी घासाघीस सोडा," वाणी म्हणाला. मागे कुणीतरी हसलं. मानकऱ्याचा मुलगा घामाघूम झाला होता. तो माझ्याकडे बघे, देवाकडे बघे.

"घाला ता," शेजाऱ्याची बायको म्हणाली. "खराच आसा ता. कित्याक पुसाचा?"

त्याने घातलं. अडखळत घातलं, पण घातलं. जे गेले ते गेले, जो राहिला तो राहिला, हे तुझ्यापाशी असू दे, असं म्हणाला. मी माझ्या शेजाऱ्याला माफ केलं नव्हतं. शिक्षा तेवढी उठवत होतो. हा फरक देवाला कळावा म्हणून मी डोळे उघडे ठेवले.

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं. एवढ्या मोठ्या देवळात एकट्याचा तो आवाज मलाच ओळखीचा वाटला नाही.

त्याच दिवशी त्या मुलीने गंजून बसलेलं कुलूप कापून घेतलं. वेळ लागला, कारण कुलूप माझ्याच दुकानातलं होतं. फळ्या निघाल्या, आतला काळोख बाहेर आला. मी माझ्या गल्ल्यावरून उठलो नाही. थोड्या वेळाने ती माझ्याकडे आली. बादली आणि खराटा हवा होता. मी भाव सांगितला.

"हायवेर कमी मेळता, काका."

"मगे थयच जा."

शब्द बाहेर पडले आणि मला ते परत घेता येईनात. पलीकडे तिचं दार उघडं होतं आणि आत तिच्या बापाची खुर्ची असणार, पाठ भिंतीला लावून, माझ्या भिंतीला.

"जावन इलंय ना," ती म्हणाली. "आता भाव सांगा नीट."

मी भाव कमी केला नाही. तिने बादली ढिगावर ठेवली, खराटा ठेवला, ओटा उतरली. मी बोलावलं. ती दोन पावलं चालली. मी थोडा उतरलो, ती थोडी चढली. बादली आणि खराटा घेऊन ती गेली, आणि मग पलीकडे पाण्यावर पाणी ओतल्याचा आणि घासल्याचा आवाज दुपारभर येत राहिला. तिच्या उंबऱ्यातून काळंभोर पाणी नव्या फरसबंदीवर आलं आणि उतार माझ्याकडे असल्यामुळे माझ्या ओट्याखालून वाहू लागलं. त्यात कागदाचा लगदा होता, वाळवीची माती होती, कुणाच्या तरी वहीचा निळा पुठ्ठा होता. मी खाली उतरलो, जमिनीवर ठेवलेल्या चटया उचलून वर घेतल्या आणि पाणी जाऊ दिलं.