मिस व्हर्नेलची मिटवलेली नोंद

मिस व्हर्नेल टब्स तुरुंगात जाऊन आल्या आहेत, हे आमच्या गल्लीत कुणाला चोरून कळावं लागत नसे. दर रविवारी चर्चमध्ये उभ्या राहून त्या स्वतःच सांगत. आमच्याकडे रीतच आहे : देवानं ज्या खड्ड्यातून काढलं, तो खड्डा चारचौघांना दाखवायचा. "ऐन तरुणपणी मी दुसऱ्याच्या गाडीसकट पकडले गेले!" असं त्या म्हणाल्या, की आम्ही मागून ओरडायचो, "सांगा, मिस व्हर्नेल!"

त्यांना एकच ध्यास होता, शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायचा. पण अर्जात 'कधी शिक्षा झाली आहे का?' हा प्रश्न आला, की सगळं तिथंच अडायचं. नोंद मिटवायची तर वकील आणि कोर्टाच्या चकरा आल्या. यंदा आमच्या राज्यानं कायदा बदलला. जुन्या, लहान गुन्ह्यांच्या नोंदी आपोआप मिटू लागल्या. आता 'नाही' लिहिलं तरी ते खोटं नव्हतं.

"मला न विचारता मिटवलं?" त्या चिडल्याच.

"मग काय, जज्जसाहेबांनी तुमच्या ओसरीवर येऊन परवानगी मागायची?" मी म्हटलं.

"चेष्टा पुरे, लेव्हॉन. मिटवलं म्हणजे ते गेलं कुठं?"

हे मात्र मलाही कळेना.

त्यांनी 'नाही' लिहिलं आणि नोकरी मिळाली. कामावर जायच्या आदल्या दिवशी, रविवारी, शाळेच्या मुख्य स्वयंपाकीण मिसेस पेटिग्रू आमच्या चर्चमध्ये पाहुण्या म्हणून आल्या. मिस व्हर्नेलचं लक्षच नव्हतं. सवयीनं त्या उठल्या. मी मोठ्यांदा खोकलो.

"पाणी पी, लेव्हॉन," असं म्हणून त्यांनी सगळं सांगून टाकलं. मग मिसेस पेटिग्रूंची पिवळी हॅट दिसली आणि त्या मटकन खाली बसल्या.

प्रार्थना संपल्यावर मिसेस पेटिग्रू त्यांच्याकडे आल्या. मीही सरकत सरकत जवळ गेलो.

"उद्या सकाळी या कामावर."

"पण तुम्ही ऐकलंत ना..."

"कोर्ट म्हणतं, नोंद नाही. कोर्टापेक्षा जास्त माहिती मला कशाला हवी?" मग त्यांनी आवाज खाली आणला. "पण गाडी होती कुणाची?"

इतकी वर्षं आम्ही नुसते ओरडत होतो. हे विचारायचं कुणाला सुचलंच नव्हतं!

मिस व्हर्नेल आपल्या हातमोज्यांकडे बघत पुटपुटल्या, "आमच्या चर्चच्या तेव्हाच्या पास्टरांची."

मिसेस पेटिग्रूंची हॅट हसता हसता कानावर आली. "मग जरा लवकरच या. मक्याच्या पावाचं पीठ कालवताना सगळं ऐकायचंय मला."