आज सायकलवालाही पुढे गेला

मैत्रिणींनो, चौथ्याच महिन्यात माझं पोट एवढं मोठं कसं, ते आज चंद्रपूरला पहिल्या सोनोग्राफीत कळलं. जुळं आहे!

मी घाबरलेच. डॉक्टरबाई हसून म्हणाल्या, "दोन्ही बाळं छान आहेत. फक्त तपासणीला जरा लवकर लवकर यायचं."

आमचे हे खाणीत ड्यूटी करतात. एरवी कोळशाचे ट्रक मागे टाकत मोटरसायकल हाणतात. आज घुग्घुसला परतताना मात्र एक सायकलवाला आम्हालाच मागे टाकून गेला.

"काऊन इतकी हळू चालवून राह्यले?" मी विचारलं.

"मांगं तिघं बसले हायेत ना!"

मी हसत त्यांच्या पाठीला डोकं टेकलं.

जुळ्यांच्या आयांनो, याच वेगानं जायचं तर पुढच्या तपासणीला आत्ताच निघू का?