आनंदरावाच्या फ्रिजची साक्ष

केशव धकात्याला आनंदराव काळबांडेचा हेवा वाटायचा, आणि ही गोष्ट नागपूरच्या सदर भागात पोस्टमनपासून पानवाल्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक होती. केशवनं ती कधी लपवलीही नाही. माणसं वय लपवतात, टक्कल लपवतात. याचा हेवा मात्र दुकानाच्या पाटीसारखा रस्त्यावरून वाचता यायचा.

दोघं एकाच बाकावर शिकलेले. साठ सालच्या आसपास सदरमध्ये फर्नांडिस मास्तरांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, तिथे. केशव कोष्ट्याचा मुलगा. माग सोडून आला होता, पण बोटांनी धागा सोडला नव्हता. त्यामुळे केसाएवढी तार त्याच्या हातात गुणी लेकरासारखी वागायची. आनंदरावाचं सोल्डरिंग म्हणजे बुंदी पाडल्यासारखं. मास्तर आनंदरावाच्या पाठीत धपाटा घालायचे आणि केशवनं जोडलेला सेट गिऱ्हाइकाला उलटा करून दाखवायचे. त्या दोन वर्षांच्या कौतुकावर केशव पुढची वीस वर्षं जगला.

कारण नंतर सगळं उलटं झालं. आनंदरावाच्या सासऱ्याची काटोलला संत्र्याची बाग होती. एका सालच्या मृग बहराच्या पैशातून आनंदरावाला मेन रोडवर काचेच्या दाराचं शोरूम मिळालं. आधी ट्रान्झिस्टर, मग मिक्सर, मग फ्रिज, मग टीव्ही. केशवचं दुकान समोरच्या बोळाच्या तोंडाशी, आठ बाय दहाचं. स्टुलावर बसलं की नाकासमोर तेच काचेचं दार. किती माणसं आत गेली आणि किती खोकी बाहेर आली, हे त्याला आनंदरावापेक्षा जास्त ठाऊक असे.

"अजी, मान दुखन तुमची," बायको सत्यवती डबा घेऊन आली की म्हणायची. "दिवसभर तिकडंच पाहून राहिले."

"मी रस्ता पाहून राहिलो."

"रस्ता काय आज नवा टाकला?"

केशवला मतंही होती, आणि ती ऐकून घेण्यासारखी होती. यंत्र कसं असावं? तर कोणत्याही मिस्त्रीला, कोणत्याही दुकानात मिळणाऱ्या पेचकसानं उघडता यावं असं. एका कंपनीचा पार्ट दुसऱ्या कंपनीच्या सेटमध्ये बसावा. दुरुस्त केलेल्या प्रत्येक सेटचं सर्किट तो कागदावर काढून भिंतीवर खिळ्याला टांगायचा. गावातले मिस्त्री येऊन ते फुकट उतरवून न्यायचे. "विद्या कुलपात ठेवली तं तिले बुरशी लागते," असं तो म्हणायचा. आनंदरावाकडे येणाऱ्या फ्रिजला कंपनीचा स्वतःचा गोल पिनांचा प्लग असायचा, जो कोणाच्याही घरच्या भिंतीत बसत नसे, आणि पाठीमागे सील असायचं: उघडलं की गॅरंटी गेली. याला केशव शिव्या घालायचा त्या रास्तच होत्या.

पण मिक्सरमध्ये वाटलेल्या चटणीनं आतडी सुकतात आणि रंगीत टीव्हीनं पोरं तिरळी होतात, हे कोणत्या शास्त्रात लिहिलं होतं? चांगलं मत आणि पोटशूळ एकाच तोंडातून बाहेर पडायला लागले, की ऐकणाऱ्यानं वेगळं करायचं तरी कसं?

चहावाला धोंडबा ते तोंडावर बोलून दाखवायचा. लहानपणी पोलिओनं त्याचा डावा पाय वाळला होता. तो गुडघ्यावर हात दाबत चालायचा आणि दुसऱ्या हातात चहाचे चार ग्लास एक थेंब न सांडता आणायचा. "केशवभाऊ," तो म्हणायचा, "आनंदरावनं अमृत वाटलं तरी तुम्हाले त्यात माशी दिसन गा."

त्र्याऐंशीच्या एप्रिलमध्ये धोंडबाच्याच टपरीवर केशवनं पेपरातला फोटो पाहिला. धंतोलीत डॉ. अरुंधती बारलिंगे यांचा दवाखाना होता. तिथे दर गुरुवारी लहान मुलांना पोलिओचे थेंब पाजत. डॉक्टरांचा जुना फ्रिज कायमचा बसला, तर आनंदरावानं नवा फ्रिज फुकट दिला. फोटोत फ्रिज, डॉक्टर आणि मधे दात दाखवणारा आनंदराव. तो जुना फ्रिज केशवनं दोनदा दुरुस्त करून दिला होता, एक पैसा न घेता. तेव्हा कोणी कॅमेरा आणला नव्हता.

त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. "फ्रिज कसला, डबा आहे तो," तो टपरीवरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. "थंडी धरत नाही त्यात. लसीचं पाणी होते पाणी. पाजा लेकराईले."

फ्रिज त्यानं पाहिलासुद्धा नव्हता. चटणीच्या वेळी लोक हसले होते. पण लेकराच्या तोंडात जाणाऱ्या गोष्टीवर कोण हसणार? विषाची परीक्षा कशाला घ्या, असं एकीनं दुसरीला सांगितलं. केशव तेवढ्यावरही थांबला नाही. त्याची मुलगी जया काटोलला दिलेली. तिचं बाळंतपण डॉ. बारलिंग्यांच्याच हातून झालं होतं, नातवाला, गोविंदाला, थेंबांचा पहिला डोस तिथेच मिळाला होता आणि दुसऱ्यासाठी ती नागपूरला यायची होती. केशवनं तिला पोस्टकार्ड टाकलं: डोससाठी येऊ नको, तिथला फ्रिज बरोबर नाही.

मे महिन्यात एक दिवस डॉ. बारलिंगे स्वतः बोळात येऊन उभ्या राहिल्या. केशवनं घाईनं स्टूल पुसलं. त्या बसल्या नाहीत.

"धकाते, गुरुवारी चाळीस मुलं यायची. परवा सहा आली. फ्रिज तुम्ही पाहिलात?"

"पाहाची गरज नाही, डॉक्टरीणबाई. ती कंपनीच..."

"मग पाहा. उद्या सकाळी या आणि संध्याकाळपर्यंत बसा. खराब निघाला तर मी तो रस्त्यावर काढून ठेवते."

"अन् चांगला निघाला तं?"

"तर तसं सांगा. माझं कोणी मानणार नाही, फ्रिज मला फुकट मिळालाय. पण आनंदरावांच्या फ्रिजला तुम्ही चांगलं म्हणालात, तर अख्खं सदर मानेल."

हा मान होता की थप्पड, हे केशवला कळेना. त्यानं विचारलं, "खराब लस पाजली तं लेकराले काय होते?"

"अपाय काहीच होत नाही. आणि उपायही होत नाही. आई निर्धास्त होते आणि मूल तसंच उघडं राहतं. न पाजलेल्या मुलासारखंच."

दुसऱ्या दिवशी केशव लग्नाला निघाल्यासारखा धंतोलीला निघाला. पिशवीत टेस्टर, पेचकस, थर्मामीटर. आज आनंदरावाचा डबा सगळ्यांसमोर उघडा पडणार होता. त्यानं थर्मामीटर पाण्याच्या बाटलीत घालून लसीच्या शेजारी ठेवलं. दोन ते आठ अंशांच्या आत राहिलं पाहिजे, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. नऊ वाजता चार. अकरा वाजता पाच. एक वाजता पुन्हा चार. केशव चिडला. त्यानं फ्रिज भिंतीपासून ओढून पाठ पाहिली.

सील नव्हतं. सीलच्या जागी कागद चिकटवला होता, आणि कागदावर त्या फ्रिजचं पूर्ण सर्किट, आनंदरावाच्या वेड्यावाकड्या अक्षरात. खाली लिहिलं होतं: कोणत्याही मिस्त्रीनं उघडावा. गोल पिनांचा प्लग कापून साधा तीन पिनांचा लावलेला. केशवनं तो खोलला. आत वायरला गाठ होती. ओढ बसली तरी ती स्क्रूवर येऊ नये म्हणून मास्तर शिकवायचे ती गाठ. आनंदरावाला ती दोन वर्षांत कधी जमली नव्हती. आता जमली होती, आणि चांगली जमली होती.

आपली भिंत, आपले कागद, आपलं बोलणं यानं चोरलं, असं केशवला आधी वाटलं. मग आठवलं की आपण ते फुकटच वाटत होतो. त्यानं प्लग होता तसा बंद केला आणि पुन्हा स्टुलावर येऊन बसला.

दोन वाजता लाइन गेली. कूलर घरघरत थांबला आणि खोली भट्टीसारखी तापायला लागली. केशवच्या मनात मात्र गारवा आला. आता पाहू! तीन वाजता थर्मामीटर सहावर होतं. साडेचारला सात. आनंदरावानं खालचा कप्पा पाण्याच्या बाटल्यांनी भरून ठेवला होता, त्या थंडी सोडत नव्हत्या. डॉक्टर बाहेर पेशंट तपासत होत्या. खोलीत दुसरं कोणी नव्हतं.

केशवनं दार उघडलं. थर्मामीटर पाहायला, असं त्यानं स्वतःला सांगितलं. थंड हवा पायांवर सांडली. थर्मामीटर पाहून झालं, तरी तो दार लावेना. बोटभर फट ठेवली की अर्ध्या तासात आठ, नऊ, दहा. कोणाला कळणार? फोटोतले ते दात कायमचे मिटले असते. वीस वर्षांत एवढी जवळ आलेली गोष्ट त्याला दुसरी नव्हती.

फर्नांडिस मास्तर एकदा आनंदरावाला नाही, त्यालाच रागावले होते. गिऱ्हाइकाशी भांडण झालं म्हणून केशवनं चालू रेडिओ बंद आहे असं सांगितलं होतं. "माणसाशी भांड," मास्तर म्हणाले होते, "पण मशीनची खोटी साक्ष देऊ नको. तिला तोंड नसतं." केशवनं दोन्ही हातांनी दार लावलं, आणि ते पुन्हा उघडलं जाऊ नये म्हणून त्याला पाठ टेकून उभा राहिला. सव्वापाचला लाइन आली, कूलर सुरू झाला. तेव्हा थर्मामीटर सातवरच होतं.

"चांगला आहे," त्यानं डॉक्टरांना सांगितलं. मग थर्मामीटर पुसून पिशवीत टाकलं.

सकाळी तो धोंडबाच्या टपरीवर गेला आणि सगळ्यांसमोर तेच बोलला. मी खोटं बोललो होतो, फ्रिज मी पाहिलाच नव्हता. आता पाहिला, एक नंबर आहे. धोंडबाच्या हातातली गाळणी तशीच राहिली.

"आनंदरावच्या फ्रिजले तुम्ही एक नंबर म्हणून राहिले?" तो म्हणाला. मग आपल्या वाळक्या पायाकडे पाहत हळूच म्हणाला, "बरं झालं, बोलले."

गोष्ट दुपारपर्यंत सगळ्या सदरमध्ये झाली. आणि त्या आठवड्यात काचेच्या दारातून तीन फ्रिज बाहेर पडले. केशवनं मोजले. केशव म्हणते म्हणजे पाहाचंच काम नाही, असं लोक म्हणत होते. करायला गेलो काय आणि झालं काय, म्हणून त्यानं कपाळावर हात मारला. आयुष्यभर ज्याच्यावर जळलो, त्याची जाहिरात आपल्याच तोंडानं झाली.

जयाला कळवायचं राहिलं होतं. केशवनं पोस्टकार्ड घेतलं आणि लिहिलं: फ्रिज दुरुस्त झाला, ये. ते त्यानं वाचलं आणि फाडून टाकलं. बुधवारी सकाळी तो काटोलच्या एसटीत बसला.

जया अंगणात गोविंदाला तेल लावत होती. बापाला अचानक पाहून ती घाबरली. "काहून आले बाबा? आई बरी आहे नं?"

"बरी आहे. गोविंदाले घेऊन चाल. त्याचा डोस राहिला."

"फ्रिज दुरुस्त झाला?"

"तो बिघडलाच नव्हता वं." केशव ओट्यावर बसला. "मी पाह्यला नव्हता. आनंदरावचा फोटो आला पेपरात, मले सहन झालं नाही."

जयाचा हात पोराच्या पाठीवर थांबला. "दीड महिना झाला, बाबा. इथच्या सरकारी दवाखान्यातबी मी नेलं नाही याले. म्हटलं, तिथचा फ्रिज कसा असन, कोणाले माहीत." तिनं पोराला पदरात गुंडाळलं. "तुम्ही आनंदरावकाकाले नावं ठेवता, ते मी या कानानं ऐकत होती अन् त्या कानानं सोडत होती. पण मशीनचं तुम्ही खोटं बोलत नाही, असं मले वाटे. म्हणून थांबली मी."

केशवनं गोविंदाची दुपटी पिशवीत भरली. परतीच्या एसटीत ती गोविंदाला मांडीवर घेऊन खिडकीशी बसली.

गुरुवारी दवाखान्यात सेहेचाळीस मुलं होती. ओळखीच्या दोन बायांनी केशवला सांगितलं, तुम्ही म्हटलं म्हणून आलो जी. आत फ्रिजजवळ आनंदराव उकिडवा बसला होता. गेल्या आठवड्यातल्या बाटल्या काढून नव्या भरत होता. केशवला पाहून तो गडबडून उठला, ओले हात शर्टाला पुसत. केशवनं मान वळवली.

जयाचा नंबर आला. डॉक्टरांनी कुपी हातात घेतली. जयानं गोविंदाचे गाल धरले नाहीत. ती आनंदरावाकडे वळली.

"काका, फ्रिज ठीक आहे नं?"

आनंदराव गोंधळला. त्यानं केशवकडे पाहिलं. "तुह्या बाबानं दिवसभर बसून पाह्यला, बाई. त्याच्याहून जास्त मले काय समजते?"

"ते राहू द्या. तुम्ही सांगा, काका."

"हो. ठीक आहे."

तेव्हा कुठे जयानं पोराचं तोंड उघडलं. दोन थेंब पडले. गोविंदानं तोंड वाकडं केलं आणि गिळले.

केशव भिंतीशी उभा होता. वीस वर्षं तो त्या माणसाच्या काचेच्या दाराकडे, खोक्यांकडे, फोटोतल्या दातांकडे पाहून जळला होता. आता आनंदरावाचे ते सगळे फ्रिज आणि टीव्ही त्याचे त्याला लखलाभ म्हणून सोडून द्यायला केशव तयार होता. लेकीनं आपल्याला सोडून आनंदरावाला विचारलं होतं, ते मात्र त्याला सोडवेना.