डाव्या बाजूचा इअरफोन

आमच्या घरात एक लाल रंगाचा, मुठीत मावणारा एमपीथ्री प्लेयर आहे. कपाटात वरच्या फळीवर ठेवलाय. झाडलोट करताना मी ती फळी तेवढी सोडते. एवढ्याशा वस्तूला काय भ्यायचं, असं म्हणाल तर म्हणा, पण मी भिते.

घेताना मात्र हौसेनं घेतला होता. लेकीनं पुण्याहून फोनवर मला वेड्यातच काढलं. "आई, मोबाईल असताना हे कशाला?" तिला काय सांगायचं? कबनूरला आमच्या घराला लागून पत्र्याच्या शेडात विजेवरचे चार माग आहेत. आमचे हे माग चालवतात आणि मी तिथंच कोपऱ्यात बसून कांड्या भरते, म्हणजे धोट्यात बसणाऱ्या नळ्यांवर सूत गुंडाळते. तिथं मोबाईल ठेवला की त्याच्या भोकाभोकांत कापूस जातो. एक मोबाईल असाच मेला. शिवाय तो वाजला की माझा हात थांबतो, सूत तुटतं आणि डोकं सटकतं. मला नुसती गाणी पाहिजे होती, बाकी कुणाची कटकट नको.

कोल्हापुरात स्टँडजवळच्या दुकानात गेले. दुकानदार हसला. "मावशी, आता ह्ये कोण घेतंय?"

"मी घेतीया की! दाखवा गप."

त्यानं दाखवले. एकाला नुसता काचेचा पडदा. बोट लावलं तर भलतंच काहीतरी उघडलं. दुसरा अंगठ्याएवढा, त्याला पडदाच नाही, म्हणजे पुढं कुठलं गाणं येणार ते त्यालाच ठाऊक. शेवटी जाड बटणांचा हा लाल पसंत पडला. मागं चिमटा होता, पदराला अडकवता येत होता. त्यानं त्यात जुनी भावगीतं, अभंग, लावण्या भरून दिल्या. मी खुशीत घरी आले.

घरी कानात घातला तर डावी बाजू मुकी. परत गेले. त्यानं इअरफोन बदलून दिले. घरी येऊन बघते तर पुन्हा डावी बाजू मुकी. तिसऱ्या खेपेला मी दुकानात पाय ठेवला तो तोंड सोडूनच. "ओ पावणं, बायमाणूस दिसलं म्हणून काय बी गळ्यात मारताय व्हय?"

त्यानं शांतपणे डावा इअरफोन पुसला आणि स्वतःच्या कानात घातला. "वाजतंय की, मावशी."

"मग माझ्याच कानात का वाजत न्हाय?"

तो आवाज उतरवून म्हणाला, "जरा उलटं घाला बघू. डावीकडचा उजव्या कानात."

घातला. ज्याला मी दोन खेपा शिव्या घातल्या, तो उजव्या कानात खणखणीत गायला लागला. आणि आत्तापर्यंत जो गात होता, तो डाव्या कानात गेल्याबरोबर गप झाला.

बिघाड प्लेयरमध्ये नव्हता. प्लेयर पिशवीत टाकला आणि मी तडक एसटी गाठली.

एसटीत उजव्या कानावर तळहात दाबला. इंजिन गेलं, कंडक्टर गेला, माणसांची तोंडं नुसती हलत राहिली. हात काढला, सगळं परत आलं. पुन्हा दाबला. शेजारची बाई म्हणाली, "कान दुखतोय काय?" तिच्यावर उगीचच खेकसले. दर खेपेला वाटत होतं, आता हात काढीन आणि काहीच परत येणार नाही.

इतकी वर्षं कळलं कसं नाही? कसं कळणार! मागाच्या शेडात कुणाचंच कुणाला ऐकू येत नाही. तिथं सगळेच ओठांवरून आणि बोटांवरून बोलतात. सूत संपलं, चहा झाला, पाहुणे आलेत, इतकंच काय, शेजारणीची भानगडसुद्धा आम्ही या मागावरून त्या मागावर आवाज न काढता पोचवतो. आणि शेडाबाहेर आलो की सवयीनं ओरडूनच बोलतो. त्यात कुणाला ऐकू येतं आणि कुणाला नाही, हे ओळखूच येत नाही.

कानाच्या डॉक्टरांनी बंद खोलीत बसवून तपासलं. डावा गेला तो गेला, म्हणाले. उजवाही त्याच वाटेला लागलाय. मागाच्या आवाजात बसू नका, आणि कानात घालून मोठ्यानं गाणी तर अजिबात नकोत.

लेकीला तेव्हा दिवस गेले होते. तिचा आवाज घरात येतो तो माझ्या उजव्या कानातूनच. फोन आला की हे "तूच बोल" म्हणून उठून जातात. मला वाटायचं, बाप माणूस, लाजतंय. आता एकच धास्ती बसली. बाळ रडेल आणि मला नुसतं त्याचं उघडलेलं तोंड दिसेल. सकाळी डोळे उघडायच्या आधी मी कानाजवळ चुटकी वाजवायची. ऐकू आली की मगच उठायची.

ह्यांना सांगणं भाग होतं, पण जीभ रेटेना. मागाला नाव ठेवलेलं त्यांना खपत नाही. कांड्या भरायचं सोडते म्हणाले तर घर डोक्यावर घेतील, असं वाटायचं.

एका दुपारी लाईट गेली आणि माग थांबले. हे कट्ट्यावर पाय सोडून बसले होते. मी ठरवलं, नुसतं सांगत बसायचं नाही, दाखवायचं. दोन्ही बाजूंनी गाणं ऐकवायचं, मग एक इअरफोन काढून म्हणायचं, बघा, मला एवढंच ऐकू येतं. त्यांच्या दोन्ही कानांत इअरफोन घातले आणि प्लेयर हातात घेऊन गाणं शोधायला लागले.

वर बघितलं तर हे मान डोलवत होते. "झकास हाय की गं," म्हणाले. "लई गोड गळा!"

मी अजून गाणं लावलंच नव्हतं.

चेष्टा करतायत, असंच वाटलं. गाणं लावलं. आवाज वाढवत नेला, पार शेवटापर्यंत. इअरफोन त्यांच्या कानांत असूनही गाणं बाहेर येऊन माझ्या एका कानाला ऐकू येत होतं. त्यांची मान मात्र आपल्याच ठेक्यात डोलत होती. गाणं संथ होतं, मान भरभर.

हा माणूस रोज इचलकरंजीहून मोटारसायकलवर सुताची पोती बांधून आणतो. मागून ट्रक येतात, हॉर्न देतात. देवा रे! मी कुठल्या कानाचं घेऊन बसले होते!

त्यांच्या पुढ्यात जाऊन बसले. आवाज काढला नाही, नुसते ओठ हलवले.

"कधीपासनं?"

मान थांबली. गाणं त्यांच्या कानांत तसंच ओरडत होतं.

"लेकीच्या लग्नाच्या आधीपासनं," ते म्हणाले. "तू भिशील म्हणून बोललो न्हाय."