यादीतून काढलेलं ‘इतर’

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात सिद्धरामअण्णा सव्वीस वर्षं हजेरी लिहीत होते. माणूस नाकासमोर चालणारा, आणि दुसराही तसाच चालतो की नाही यावर डोळा ठेवणारा. रजेचा अर्ज मंजूर झाल्याशिवाय चालू पाळीत त्यांनी कुणालाही गेटबाहेर सोडलं नाही. रजेसाठी मारलेली माणसं त्यांना तोंडपाठ होती. एका पठ्ठ्याची मावशी एका वर्षात तीनदा वारली, तेव्हा अण्णांनी शांतपणे विचारलं होतं, "या बारीला तरी नीट गेली का रे?"

पुढं मालकांनी रजेचं अ‍ॅप करून घेतलं. ते करायला अंकिता नावाची पोरगी यायची. पहिल्या महिन्यात कोण वारलं ते सांगायच्या ‘नाते’ या रकान्यात लोकांनी मनाला येईल ते लिहिलं. कुणी ‘आमची म्हातारी’, कुणी ‘घरातलंच हाय’, एकानं तर नुसतं ‘लई जवळचं’. अंकिता वैतागली.

"अण्णा, इथं ड्रॉपडाउन टाकते. बोट लावलं की यादी खाली उघडेल, त्यातलं एक निवडायचं. नाती तुम्ही सांगा."

अण्णांनी बोटांवर मोजत सांगितली: आई, वडील, नवरा, बायको, मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण, सासू, सासरा.

"आणि सून?"

"सून गेली तर तिचा नवरा घेईल की रजा. सासऱ्याला कशाला?"

यादीच्या शेवटी अंकितानं सवयीनं ‘इतर’ टाकलं होतं. अण्णांनी ते काढायला लावलं. "इतर म्हणजे चोरवाट. सगळा कारखाना त्यातनंच बाहेर जाईल." कामावर लागताना लिहून दिलेल्या कुटुंबाच्या नोंदीशी जुळल्याशिवाय अर्ज पुढं सरकू नये, हेही त्यांचंच डोकं. अंकितानं सांगितलं तसं केलं.

आठवडाही झाला नसेल, मागासाठी सुताच्या कांड्या भरणारी निंगव्वा हातात मोबाइल घेऊन टेबलाशी आली. तिची शेजारीण महेश्वरी वारली होती.

"अण्णा, माजी तिन्ही पोरं तिनंच वाढवली. मी हितं कामावर, ती तितं पोरांपाशी. यात तिला कुटं दाबू?"

"शेजारीण हे नातं नव्हे, निंगव्वा."

तिनं यादी एकदा वर, एकदा खाली सरकवली आणि जाऊन कांड्या भरायला बसली. अण्णा दुष्ट होते असं कुणी म्हणणार नाही, मीही म्हणत नाही. पण नियम म्हटला की त्यांचे कान बंद व्हायचे, हे खरं. आयुष्यात एकदाच त्यांनी चार लोकांची रीत मोडली होती.

ती काव्यासाठी. काव्या त्यांची सून. लग्नाला दोन वर्षं झाली न झाली तोच अण्णांचा एकुलता एक मुलगा शिवानंद अपघातात गेला. बायको आधीच गेलेली. घरात सासरा आणि तेवीस वर्षांची पोर. तिला आईबाप नव्हते, परत पाठवायला घर नव्हतं. भाऊबंद नाकं मुरडत असताना अण्णांनी माळशिरसचा प्रभुलिंग पाहिला आणि स्वतः उभं राहून तिचं लग्न लावून दिलं. गाडीत बसताना ती म्हणाली, "आता तुमाला मामा म्हणू, का अप्पा?" सासऱ्याला ती मामाच म्हणायची. तिनंच ठरवलं, त्या दिवसापासून अप्पा. पंचमीला ते तिला आणायला जायचे, दिवाळीला साडी न्यायचे. माहेर म्हणून तिला तेवढंच होतं.

एका बुधवारी सकाळी नऊला प्रभुलिंगचा फोन आला. काव्याला कावीळ झाली होती. रविवारीच अण्णा दवाखान्यात बघून आले होते, डॉक्टर उतार पडतोय म्हणाले होते. पहाटे ती गेली.

"माती चारला हाय, अप्पा. माहेरची साडी तुमीच आणायची."

सवाष्ण गेली की तिच्या अंगावर शेवटची साडी माहेरची पडते. काव्याला ती नेणारं जगात दुसरं कुणी नव्हतं.

अण्णांनी मोबाइल काढला. नाते. यादी खाली उघडली. सून त्यात नव्हतीच, आणि असती तरी काव्या आता दुसऱ्याची सून होती. त्यांनी ‘मुलगी’ दाबलं. अ‍ॅपनं उत्तर दिलं: कुटुंबाच्या नोंदीत मुलगी नाही. त्यांनी यादी पार खालपर्यंत ओढली. सासऱ्याच्या खाली काही नव्हतं. पुन्हा ओढली.

मालक परगावी होते, फोन लागेना. निंगव्वा पाणी प्यायला आली, अण्णांचं तोंड बघून थांबली. त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं.

"मग जावा की, अण्णा. तुमाला कोन अडवतंय?"

अडवत कुणीच नव्हतं. पण ज्या गेटावरनं सव्वीस वर्षं माणसं परत पाठवली, त्यातनं बिनमंजुरीचं जायचं कुठल्या तोंडानं? तेही निंगव्वाच्या देखत? सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, ते खोटं नाही. अण्णा दर पाच मिनिटांनी फोन लावत राहिले. पावणेएकला लागला.

"अहो, हे विचारायचं असतं का?" मालक ओरडले. "निघा आधी!"

स्टँडजवळच्या दुकानातून त्यांनी हिरवी साडी घेतली, काव्याला हिरवा आवडायचा. माळशिरसला एसटीतून उतरले तेव्हा पाच वाजून गेले होते. माती देऊन परतणारी माणसं वाटेतच भेटली, त्यात प्रभुलिंग होता.

"साडेचारपातुर थांबलो, अप्पा," तो म्हणाला. "मग चुलतीनं घरातली एक साडी दिली."

अण्णा पिशवी छातीशी धरून रस्त्याच्या कडेला बसले आणि लेकीच्या नावानं मोठमोठ्यानं रडले. येणारेजाणारे विचारत होते, हे कोण?

दोन दिवसांनी ते कामावर आले. आल्या आल्या अंकिताला फोन करून म्हणाले, "पोरी, ते ‘इतर’ परत टाक." तिनं कारण विचारलं नाही. दोन मिनिटांत झालं. एवढंसंच काम होतं ते.

जेवणाच्या सुट्टीत निंगव्वा डबा घेऊन त्यांच्या टेबलाशी आली.

"माती द्यायला घावलं का, अण्णा?"

अण्णांनी मान आडवी हलवली.

निंगव्वा बाकावर त्यांच्या शेजारी बसली.

"मलाबी न्हाय घावलं," ती म्हणाली.